सल्ला सदर : बत्तीस जणांचे नाताळचे जेवण

वाचक भगिनीचे पत्र (थोडक्यात) : आम्ही वेंगुर्ले तालुक्यात समुद्राजवळच्या गावात राहतो. यंदा २५ डिसेंबरला दुपारी मुंबई, गोवा आणि सावंतवाडीहून येणारे धरून आमच्या घरी ३२ माणसे जेवायला असतील. गेल्या वर्षी बाहेरून जेवण मागवले होते. ते फार तेलकट निघाले आणि संध्याकाळी दोघांना उलट्या-जुलाब झाले. म्हणून यंदा सगळे घरीच करून खळ्यात (घरासमोरच्या अंगणात) बुफे मांडायचा विचार आहे. सासरे ७४ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि ते इन्सुलिन घेतात. थोरल्या दिरांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. भाची मासमच्छी खात नाही. जेवण तब्येतीला बरे असावे असे मला वाटते, पण सासूबाई म्हणतात, "नाताळ वर्षातून एकदाच येतो, त्या दिवशी आजाऱ्याचे जेवण वाढायचे नाही." दोघींचेही खरे वाटते. काय करू?

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या सासूबाईंचे म्हणणे मला मनापासून पटते, आणि म्हणून सुरुवात तिथूनच करते. मुंबईहून रात्रभर प्रवास करून येणारा माणूस आईच्या हातच्या सोरपोतेलसाठी (डुकराचे मटण आणि काळीज यांचा शिरक्यातला, म्हणजे व्हिनेगरमधला, मसालेदार रस्सा) आणि सान्नांसाठी (तांदळाच्या, इडलीसारख्या वाफवलेल्या) येतो; त्याच्यापुढे उकडलेल्या भाज्यांचे ताट ठेवले तर तो काही बोलणार नाही, पण त्याचा सण झाला असेही होणार नाही. तेव्हा सणाच्या मूळ पदार्थांना हात लावू नका. ते कमी प्रमाणात करा, नीट करा, आणि त्यांच्या भोवती आपल्या किनाऱ्यावर डिसेंबरात सहज मिळणाऱ्या हलक्या पदार्थांची भर घाला. तब्येत सांभाळली जाईल ती तीन गोष्टींनी : टेबलावर काय आधी येते, प्रत्येक पदार्थ किती वाढला जातो, आणि तो किती वेळ बाहेर राहतो. यात सासूबाईंच्या मसाल्याला कुठेच बाधा येत नाही.

सोरपोतेलचेच पाहा. तो मुरल्यावरच चांगला लागतो, त्यामुळे २३ तारखेला करून ठेवायला हरकत नाही, आणि ही आधीची तयारीच तुमच्या कामी येणार आहे. डुकराचे मटण २२ तारखेला उकडले की त्याचे पाणी वेगळ्या भांड्यात गाळून, थोडे निवल्यावर, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी भांडे उघडलेत की वर पांढऱ्या चरबीचा घट्ट थर जमलेला दिसेल, अगदी बोटाच्या पेराएवढासुद्धा. चमच्याची कड आत घातली की तो पापुद्र्यासारखा अख्खा सुटून येतो. तो काढून टाका आणि खालचा रस रश्शात वापरा. चव रसात, मसाल्यात आणि माडाच्या शिरक्यात असते, त्यामुळे या एका कृतीने पदार्थ कितीतरी हलका होतो आणि खाणाऱ्याला काही कमी झाल्याचे कळतही नाही. तुकडे नंतर चरबीत परतायचे असतील तर जाड बुडाच्या कढईत त्यांचीच सुटलेली चरबी पुरते, वरून तेल घालू नये. ३२ माणसांना, सोबत बाकीचे पदार्थ असताना, अडीच किलो मटण भरपूर होते. घरात कुणाला युरिक अ‍ॅसिडचा त्रास असेल, तर काळजाचे प्रमाण कमी ठेवावे किंवा त्या व्यक्तीने या पदार्थाची चवच तेवढी घ्यावी, कारण काळजासारख्या अवयवांच्या मांसाने तो त्रास वाढतो.

सान्नांबद्दल तर मला सासूबाईंचे अभिनंदनच करावेसे वाटते. सान्ना वाफेवर होते, तिला तेलाचा थेंब लागत नाही. वडे आणि पुऱ्या तळायच्या ऐवजी माणशी दोन या हिशेबाने सत्तरेक सान्ना केल्यात, तर तळणाचे एक मोठे काम आपोआप बाजूला पडते. त्यांच्या जोडीला नाचणीचे घावणे ठेवा. सासऱ्यांना आणि ज्यांना तांदूळ कमी खायचा आहे त्यांना ते बरे पडतात, शिवाय १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असल्यामुळे वयस्कर बायकांनीही ते मुद्दाम खावेत. घावणे मात्र आयत्या वेळी, दोन तव्यांवर, एकीने घालावेत आणि दुसरीने नेऊन द्यावेत. करून रचून ठेवलेले घावणे चिवट होतात.

आता मासळी. आपल्याकडे नाताळ आणि नववर्षाच्या दरम्यान पर्यटकांची गर्दी होते, सुरमई आणि पापलेटचे भाव चढतात, आणि बत्तीस माणसांना सुरमई तळायची म्हटले तर खिशाला आणि तब्येतीला दोन्हीकडे भार. मी तुमच्या जागी असते तर बांगडा निवडला असता. मध्यम आकाराचा बांगडा माणशी एक पुरतो, म्हणजे साडेचार-पाच किलो. त्यात चांगली प्रथिने आहेत आणि हृदयाला उपयोगी असे ओमेगा-३ मेदही भरपूर आहे, जे तुमच्या दिरांना मुद्दाम खायला सांगतात. बांगड्याला चिरा देऊन त्यात कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, आले, लिंबाचा रस आणि कुटलेल्या चार-पाच तिरफळांचे वाटण भरा, केळीच्या पानाचा तुकडा विस्तवावर फिरवून मऊ करा, त्यात एकेक बांगडा गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि मोदकपात्रात वाफवा किंवा झाकण ठेवून तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका. टेबलावर पानासकट ठेवा. प्रत्येकाने आपली पुडी आपण सोडली की तिरफळाचा वास सगळ्या खळ्यात पसरतो, आणि तळलेल्या मासळीची आठवणही होत नाही. लहान मुलांसाठी मात्र काटे काढलेल्या मोठ्या मासळीचे थोडे तुकडे वेगळे ठेवा.

बांगड्याच्या बाबतीत एक काळजी अगदी काटेकोरपणे घ्यावी लागते. बांगडा, गेदर (ट्यूना) अशी मासळी पकडल्यापासून उन्हात किंवा उबेत राहिली तर तिच्यात हिस्टामाइन नावाचे द्रव्य तयार होते, आणि एकदा तयार झालेले हे द्रव्य उकळून, भाजून किंवा तळून जात नाही. अशी मासळी खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके दुखते, आणि लोक समजतात की मासळीची अ‍ॅलर्जी झाली. म्हणून आपल्या नेहमीच्या मासळीवालीला आठवडाभर आधी सांगून ठेवा, २५ तारखेच्या सकाळचे रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे) बांगडे मिळाले तर फारच उत्तम, आणि आणायला जाताना बर्फ घातलेला डबा घेऊन जा. घरी आल्यावर साफ केलेली मासळी वाटण लावून ओट्यावर दोन तास मुरत ठेवण्याची सवय आपल्यापैकी बऱ्याच जणींना आहे. ते मुरणे फ्रीजमध्येच होऊ द्या.

शाकाहारी भाचीसाठी वेगळा "तिच्यापुरता" पदार्थ करू नका, तिला परके वाटते. काळ्या वाटाण्यांचे सांबारे मोठ्या टोपात सगळ्यांसाठी करा. मालवणी घरात त्याला मान आहे, ते प्रथिनांनी आणि चोथ्याने भरलेले असते, आदल्या दिवशी केले तरी बिघडण्याऐवजी अधिकच चवदार लागते, आणि सान्ना किंवा घावणे, दोन्हींशी जमते. सव्वा किलो सुके वाटाणे पुरतील. खोबऱ्याचे वाटण नेहमीच्या दोन-तृतीयांश घ्या आणि थोडे वाटाणे वाटून रश्शाला दाटपणा आणा. नारळ आपला प्राण आहे हे मान्य, पण त्यातला मेद बहुतेक सगळा संपृक्त प्रकारचा असतो. एकाच जेवणात सोरपोतेल, नारळाच्या रसाची कढी, नारळाची भाजी आणि दोदोल (नारळाच्या रसाची गोड वडी) आले, तर दिरांच्या बाबतीत तो हिशेब विचारात घ्यावाच लागतो. म्हणून बाकीच्या भाज्यांत ओले खोबरे फक्त वरून भुरभुरावे.

भाज्या म्हणाल तर डिसेंबर हा आपल्याकडचा सर्वांत उदार महिना आहे. लाल माठ परसात असतो, चवळीच्या शेंगा बाजारात कोवळ्या मिळतात, मुळा पांढराशुभ्र असतो. लाल माठ लसूण घालून परता. मुळ्याची दह्यातली कोशिंबीर आणि कच्च्या पपईची लिंबू-मिरचीची कोशिंबीर, अशा दोन थंड कोशिंबिरी ठेवा. गाजर-काकडीचे जाडजूड काप मुलांच्या हाताला येतील असे उभे कापून वाडग्यात ठेवलेत की खेळता खेळता संपतात.

हेच पदार्थ कोणत्या क्रमाने मांडायचे, याला मी पदार्थांइतकेच महत्त्व देते. रांगेत उभा राहिलेला भुकेला माणूस पहिल्या दोन-तीन भांड्यांतूनच आपले ताट भरतो, हे कोणत्याही लग्नात बाजूला उभे राहून पाहावे. बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच पुलाव आणि तळणीचे असते, आणि कोशिंबिरीचा वाडगा ताट भरल्यावर शेवटी येतो, तिथे मग जागा उरत नाही. तुम्ही उलटे करा. ताटांच्या लगत कोशिंबिरी आणि माठाची भाजी, मग सांबारे, मग पानातले बांगडे, त्यानंतर सान्ना आणि घावणे, नंतर सोरपोतेल, आणि अगदी शेवटी थोडा भात. सोरपोतेलला मोठे ओगराळे न देता लहान डाव द्या. जेवणाची मोठी ताटे काढण्याऐवजी मध्यम आकाराच्या थाळ्या काढा आणि "पुन्हा या, हवे तेवढे घ्या" असे सासूबाईंनीच सगळ्यांना सांगावे. कमी वाढण्यात कंजूषपणा दिसतो, पुन्हा बोलावण्यात अगत्य दिसते, आणि दुसऱ्यांदा येणारा माणूस भूक पाहून घेतो. गोडाचे टेबल पूर्णपणे वेगळे, शक्यतो पडवीत, आणि जेवण आटोपल्यावरच उघडायचे.

गेल्या वर्षी दोघांना जो त्रास झाला, तो बहुधा तेलापेक्षा वेळेमुळे झाला असावा, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम असावे किंवा ५ अंशांच्या खाली थंड. या दोहोंमधल्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात. सर्वसाधारण हवेत असे अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली तर एकच तास. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे गारवा असला तरी दुपारी पारा ३२-३३ ला सहज जातो, म्हणजे खळ्यातल्या बुफेला एक तासाचाच नियम लागू धरावा. त्यासाठी एकच उपाय मला खात्रीचा वाटतो : सगळे जेवण एकदम बाहेर मांडू नका. मोठे टोप स्वयंपाकघरात मंद शेगडीवर किंवा चुलीच्या निखाऱ्यावर राहू द्या आणि टेबलावर दहा-बारा माणसांपुरते लहान भांडे न्या. ते संपले की त्यातच नवे ओतू नका, दुसरे स्वच्छ भांडे भरून न्या. कोशिंबिरीचे वाडगे बर्फाच्या परातीत ठेवा. सगळ्यांवर जाळी हवी, कारण मासळीला माश्या येणारच. सोलकढी सर्वांत शेवटी करा. नारळाचे दूध फार लवकर नासते.

भाताच्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकले आहे, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिते. घरच्या एका कार्यासाठी मी आदल्या रात्री पुलाव करून टोपातच झाकून ठेवला होता. सकाळी झाकण काढले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते. वरचा भात थंडगार होता, पण डाव मध्यापर्यंत खुपसून काढला तर आतला भात दहा तासांनंतरही कोमट होता आणि त्याला किंचित चिकटपणा आला होता. चार किलो तांदळाचा तो पुलाव मला टाकून द्यावा लागला, आणि ऐन वेळी पुन्हा भात घालावा लागला. शिजवूनही तांदळातल्या काही जंतूंचे बीज जिवंत राहते, उबेत ते वाढून विष तयार करते, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. तुम्ही भात २५ तारखेच्या सकाळीच करा. तांदूळ दोन किलो पुरतील. सांबारे आणि सोरपोतेल आदल्या दिवसांत करणार असाल, तर ते टोपात निवत ठेवण्याऐवजी दोन-तीन पसरट भांड्यांत काढा, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये ठेवा, आणि वाढण्यापूर्वी नुसते कोमट न करता खदखदून उकळी आणा. तुमच्या एका फ्रीजमध्ये हे मावणार नाही, तेव्हा शेजारणीला आजच विचारून ठेवा.

सासऱ्यांविषयी. मध्यरात्रीची मिसा (चर्चमधली प्रार्थना), उशिरा झोप आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची वाट पाहत लांबलेले जेवण, हा इन्सुलिन घेणाऱ्या माणसासाठी गोड पदार्थापेक्षाही मोठा धोका आहे. इन्सुलिन टोचले आणि जेवण दोन तास लांबले, तर साखर एकदम उतरून घाम येतो, हातपाय थरथरतात आणि भोवळ येऊ शकते. त्या दिवशीच्या वेळा सांगून त्यांच्या डॉक्टरांकडून इन्सुलिनचे वेळापत्रक आधीच ठरवून घ्या, आणि बाकीचे आले नसले तरी त्यांचे ताट नेहमीच्या वेळी वाढा. त्यांनी आधी कोशिंबीर, सांबारे आणि बांगडा खावा, सान्ना किंवा घावणा नंतर घ्यावा. अशा क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते. रिकाम्या पोटी वाइन तर अजिबात नको. त्यांच्या खिशात चार खडीसाखरेचे खडे मात्र असू द्या.

दिरांच्या दृष्टीने मिठाकडे लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. लोणचे, पापड, सुके बांगडे आणि बाजारचे सॉसेज यांतच ते संपते. हे चारही पदार्थ टेबलावर नसले तरी त्या दिवशी कुणाला आठवणार नाहीत. आंबटपणा असला की मीठ कमी लागते, आणि आपल्या स्वयंपाकात शिरका, कोकम आणि लिंबू मुबलक आहेत, त्यांचा हात सैल सोडा.

गोडाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. साखरेऐवजी गूळ घातला की पदार्थ "हेल्दी" झाला, हा समज सोडून द्यावा. गुळाची चव वेगळी आणि सुंदर आहे, पण शरीराच्या दृष्टीने तो बहुतांशी साखरच आहे, आणि मधुमेही माणसाला या समजुतीने दुप्पट खायला घालणे हा त्याच्यावर अन्याय आहे. नेवऱ्या (करंज्या) खरपूस तळलेल्याच करा, पण दोन घासांच्या. दोदोलच्या वड्या नेहमीच्या अर्ध्या कापा. कुलकुलांना (नाताळच्या तळलेल्या छोट्या गोड वळ्यांना) वरून पाक चढवू नका. केक मुंबईहून येणार असेल तर दुसरा करू नका. या सगळ्यांच्या मधोमध पपई, पेरू आणि चिकू यांची मोठी परात ठेवा, फळे जेवण सुरू झाल्यावरच कापा. सासऱ्यांना जेवणानंतर एक नेवरी खुशाल द्या. त्यांच्यासाठी वेगळी "शुगर फ्री" मिठाई आणून त्यांना रांगेतून बाजूला काढू नका. काजू आणि कोळंबी ज्या पदार्थांत असतील त्यांच्यापुढे चिठ्ठी लिहून ठेवा, मुंबईहून येणाऱ्या मुलांपैकी कुणाला काय चालत नाही हे त्यांच्या आयांना आधीच फोन करून विचारा.

शेवटी कामाच्या वाटणीचे. ३२ माणसांचे जेवण एकटीने करण्याचा हट्ट धरू नका. वाटाणे भिजवणे, मसाला वाटणे आणि सोरपोतेल २३ तारखेला तुम्ही व सासूबाई करा. २४ ला सांबारे करा आणि संध्याकाळी सान्नांचे पीठ भिजवा. त्याच दिवशी पोहोचणाऱ्या जावा-नणंदांकडे नेवऱ्यांचे काम द्या, बोलत बोलत होते. पुरुषांना केळीची पाने आणणे, बर्फ, पाणी आणि भांडी घासणे ही कामे नावानिशी सांगा, मोघम सांगितले तर ती पुन्हा तुमच्याकडेच येतात. जेवणाची पहिली पंगत उठली की टेबलावर तासभर राहिलेले अन्न डब्यात भरू नका, ते टाकावेच लागेल. शेगडीवर गरम राहिलेल्या टोपातले मात्र लगेच लहान डब्यांत काढून फ्रीजमध्ये जाऊ द्या, आणि सोरपोतेलचा एक डबा मुद्दाम वेगळा ठेवा. २६ तारखेच्या सकाळी, पाहुणे निघण्यापूर्वी, शिळा पाव तव्यावर शेकून त्याच्याबरोबर तो वाढलात तर सासूबाई काय म्हणतात, ते मला अवश्य कळवा.

तुम्हाला आणि तुमच्या घरच्या सर्वांना नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा.